कळसूबाई नकाशावर कुठे उभी असते?

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाने संध्याकाळच्या फेरीत टिपलेली प्रतिमा घ्या आणि सगळी जमीन समुद्रसपाटीलाच आहे असं धरून ती नकाशावर बसवा. हे शिखर आपल्या खऱ्या जागेच्या सुमारे दोन किलोमीटर पश्चिमेला जाऊन बसेल. सकाळच्या फेरीतली प्रतिमा घेऊन तसंच केलं तर ते जवळजवळ तितकंच पूर्वेला जाईल. डोंगर एक, उपग्रह एक, आणि दोन जागांत अंतर चार किलोमीटरांच्या आसपास.

यात उपग्रहाचा काही दोष नाही. रडार जे मोजतं ते अचूकच मोजतं. फक्त ते नकाशा मोजत नाही. त्या मोजमापातून नकाशा कसा तयार होतो, त्यात डोंगरांचा हिशेब कसा धरतात आणि तो हिशेब कुठे संपतो, ते या लेखात टप्प्याटप्प्याने पाहू.

रडारच का?

जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर ढगांचं छत असतं. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला या काळात घाटमाथा क्वचितच दिसतो, आणि दरडी कोसळतात त्या नेमक्या याच दिवसांत. महाड तालुक्यातलं तळिये २२ जुलै २०२१ रोजी आणि खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, तीही अशाच भर पावसात. रडार उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरी टिपतो. त्याला सूर्यप्रकाश लागत नाही आणि ढग आड येत नाहीत. सेंटिनेल-१ च्या लहरींची लांबी सुमारे साडेपाच सेंटिमीटर असते. हा उपग्रह जमिनीपासून सुमारे ६९३ किलोमीटर उंचीवरून फिरतो, एका फेरीत २५० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो आणि दर १२ दिवसांनी त्याच वाटेवर परत येतो.

चित्र नव्हे, अंतरांची नोंद

कॅमेरा कोन टिपतो: कुठल्या दिशेने प्रकाश आला ते. रडार वेळ टिपतं: लहर जाऊन यायला किती वेळ लागला ते. दरीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली, तर प्रतिध्वनी किती वेळाने आला त्यावरून कडा किती लांब आहे ते कळतं. पण दोन कडे सारख्याच अंतरावर असतील, तर दोन्ही प्रतिध्वनी एकदमच कानी येतात आणि कुठला कुठून आला ते सांगता येत नाही. रडारची सगळी गोम या एका गोष्टीत आहे.

म्हणूनच रडार सरळ खाली बघत नाही. खाली बघितलं तर उपग्रहाच्या वाटेच्या डावीकडची आणि उजवीकडची जमीन सारख्या अंतरावर येईल आणि दोन्हींची सरमिसळ होईल. सेंटिनेल-१ आपल्या वाटेच्या उजवीकडे तिरपा बघतो. त्याचा किरण जमिनीवरच्या उभ्या रेषेशी जो कोन करतो, त्याला आपतन कोन म्हणतात. पट्ट्याच्या जवळच्या कडेला तो सुमारे २९ अंश असतो आणि दूरच्या कडेला ४६. पट्ट्याच्या मध्याजवळचा ३९ अंशांचा कोन आपण पुढच्या हिशेबांसाठी धरू.

प्रतिमेतल्या प्रत्येक ठिपक्याला दोन आकडे असतात. उपग्रह त्या जागेच्या अगदी बाजूला कधी आला, हा पहिला. त्यावरून ओळ ठरते. तिथून ती जागा किती लांब होती, हा दुसरा. त्यावरून ओळीतलं स्थान ठरतं. उंचीचा रकानाच या नोंदीत नाही.

उंचीमुळे काय बिघडतं

शिखर पायथ्यापेक्षा उंच, म्हणून तिरप्या रेषेत उपग्रहाला थोडं जवळ. जवळ म्हणजे प्रतिध्वनी लवकर, आणि लवकर म्हणजे प्रतिमेत ते उपग्रहाच्या बाजूला सरकलेलं. किती सरकेल याचं गणित सोपं आहे: उंचीला आपतन कोनाच्या टॅनने भागायचं. ३९ अंशांचा टॅन ०.८१ येतो, म्हणून १००० मीटर उंचीचा माथा जवळजवळ १२३५ मीटर सरकतो. कळसूबाईचे दोन किलोमीटर इथूनच आले.

सपाट मुलूखही यातून सुटत नाही. सांगली शहर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. ती उंची विचारात घेतली नाही, तर सगळं शहर आपल्या नदीसकट पावणेसातशे मीटरांच्या आसपास सरकतं. २०१९ च्या ऑगस्टसारख्या महापुरात असा नकाशा हाती आला, तर बुडालेल्या गल्ल्या कोरड्या दिसतील आणि कोरड्या बुडालेल्या.

डोंगरात नुसतं सरकणं नसतं, आकारही बदलतो. उपग्रहाकडे तोंड केलेला ३० अंशांचा उतार घ्या. नकाशावर तो एक किलोमीटर रुंद असेल, तर प्रतिमेत त्याची रुंदी २९० मीटरांच्या आत येते. पलीकडचा तेवढाच उतार ताणला जाऊन १७०० मीटरांवर जातो. सगळे डोंगर उपग्रहाकडे झुकल्यासारखे दिसतात ते यामुळे.

समोरचा उतार आपतन कोनापेक्षा उभा झाला, की माथ्याचा प्रतिध्वनी पायथ्याच्याही आधी पोहोचतो. डोंगर प्रतिमेत उपग्रहाच्या बाजूला आडवा होतो आणि माथा, कडा, पायथा या तिघांचे प्रतिध्वनी एकाच ठिपक्यात पडतात. या प्रकाराला लेओव्हर म्हणतात. मागचा उतार फार उभा असेल तर तिथे किरण पोहोचतच नाही. ३९ अंशांच्या कोनाला ही मर्यादा ५१ अंशांची. तिथे रडारची सावली पडते आणि त्या सावलीत मोजायला काहीच नसतं.

सह्याद्रीत हे प्रकार एकाच बाजूला एकवटतात. पूर्वेकडे तो हळूहळू देशावर उतरतो, पश्चिमेकडे कड्यांनी कोकणात तुटतो. संध्याकाळच्या फेरीत उपग्रह उत्तरेकडे जात असतो, म्हणजे त्याची नजर पूर्वेला असते. कडे त्याच्या समोर येतात आणि लेओव्हर होतो. सकाळी तो दक्षिणेकडे जातो, नजर पश्चिमेला असते. कडे पाठीमागे पडतात आणि सावली तयार होते.

दुरुस्तीला लागणारं सामान

पहिली गोष्ट, उपग्रह कोणत्या क्षणी नेमका कुठे होता. तो सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावतो. घड्याळ एक मिलिसेकंद चुकलं तरी नकाशा सात मीटरांच्या आसपास सरकतो. सेंटिनेल-१ च्या कक्षेच्या नोंदी दर दहा सेकंदांच्या अंतराने दिलेल्या असतात आणि मधली स्थानं गणिताने काढतात. अचूक कक्षा सुमारे तीन आठवड्यांनी मिळते. तिच्यात पाच सेंटिमीटरांच्या आतली अचूकता अपेक्षित असते. दरड कोसळल्यावर एवढं थांबता येत नाही, आणि थांबायची गरजही नाही. काही तासांत मिळणारी कक्षाही दहा सेंटिमीटरांपर्यंत बरोबर असते, आणि प्रतिमेतला ठिपका असतो दहा मीटरांचा.

दुसरी गोष्ट, जमिनीची उंची. ती डिजिटल एलिव्हेशन मॉडेलमधून, म्हणजे डीईएममधून येते. डीईएम ही जमिनीवर आखलेली जाळी असते आणि तिच्या प्रत्येक घराला एक उंची दिलेली असते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत, ६० मीटर लांबीच्या दांड्याच्या दोन टोकांना रडारचे अँटेना ठेवून जगाचा बराचसा भाग मोजला. त्या एसआरटीएम डीईएमचं घर सुमारे ३० मीटरांचं आहे. पुढे टॅनडेम-एक्स या जर्मन मोहिमेतल्या जोडीने उडणाऱ्या उपग्रहांच्या मोजणीतून कोपर्निकस डीईएम तयार झालं. तेही ३० मीटरांच्या घरांत सर्वांना मिळतं. दोन्ही रडारनेच मोजलेली आहेत. त्यामुळे मूळ मोजणीत अति उभ्या कड्यांपाशी भोकं पडली होती आणि ती दुसऱ्या माहितीने बुजवावी लागली.

तिसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते: उंची कुठून मोजली आहे. डीईएममधल्या उंच्या समुद्रसपाटीपासूनच्या असतात, तर उपग्रहाचं गणित पृथ्वीच्या गुळगुळीत भूमितीय आकाराला, लंबगोलाला, धरून चालतं. या दोन पृष्ठभागांत भारताच्या आसपास मोठा फरक आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात समुद्रसपाटी लंबगोलापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे, जगात सर्वाधिक. महाराष्ट्रात हा फरक साठ-सत्तर मीटरांच्या घरात येतो. तो धरला नाही तर ३९ अंशांच्या कोनाला नकाशा ८० मीटरांच्या आसपास सरकतो, म्हणजे दहा मीटरांचे आठ ठिपके. सगळंच एका दिशेने सरकतं, म्हणून नुसतं बघून ही चूक कळत नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हा फरक मिळवण्याचा पर्याय असतो. तो चालू आहे याची खात्री मात्र आपल्यालाच करावी लागते.

नकाशापासून प्रतिमेकडे

आता प्रत्यक्ष हिशेब. प्रतिमेतला ठिपका उचलून नकाशावर ठेवायचा, असं आधी सुचतं. पण त्यासाठी त्या जागेची उंची लागते, आणि जागा कुठली तेच अजून ठरलेलं नसतं. शिवाय ताणलेल्या उतारांवर ठिपके दाटीने पडतील आणि आकसलेल्या उतारांवर नकाशात भोकं राहतील. म्हणून काम उलट बाजूने करतात. नकाशाची रिकामी जाळी आधी आखायची आणि प्रत्येक घराला विचारायचं: तुझा प्रतिध्वनी प्रतिमेत कुठे नोंदला गेला?

पश्चिम महाराष्ट्रासाठी ही जाळी साधारणपणे यूटीएमच्या ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात आखतात. नागपूर, गडचिरोली ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला असल्याने ४४ व्या पट्ट्यात जातात. जाळीतलं एक घर निवडलं की त्याचे अक्षांश-रेखांश कळतात. डीईएममधून त्याची उंची घ्यायची, समुद्रसपाटी आणि लंबगोल यांतला फरक धरायचा आणि या तिन्हींवरून पृथ्वीच्या मध्यापासून मोजलेलं त्या जागेचं त्रिमितीय स्थान काढायचं.

पुढचा प्रश्न: उपग्रह या जागेच्या अगदी बाजूला कधी होता? इथे डॉप्लर परिणाम कामी येतो. उपग्रह जवळ येत असताना परतणाऱ्या लहरींची वारंवारता किंचित वाढलेली असते, लांब जाताना घटलेली. मधला एक क्षण असा असतो की फरक शून्य होतो. त्या क्षणी उपग्रहापासून जागेपर्यंतची रेषा त्याच्या वाटचालीच्या दिशेला काटकोनात असते. सेंटिनेल-१ ची प्रतिमा तयार करताना प्रत्येक जागा याच शून्य डॉप्लरच्या क्षणाला बसवलेली असते. म्हणून आधी एक वेळ अंदाजाने धरायची, त्या वेळेचं उपग्रहाचं स्थान आणि वेग कक्षेच्या नोंदींतून काढायचा, काटकोन जुळतो का ते बघायचं आणि जुळेपर्यंत वेळ मागेपुढे करायची. संगणकाला थोड्याच फेऱ्या पुरतात. वेळ मिळाली की ओळ मिळाली.

त्या क्षणी उपग्रह आणि जागा यांच्यात ३९ अंशांच्या कोनाला सुमारे ८८० किलोमीटरांचं अंतर असतं. लहरीला जाऊन यायला सहा मिलिसेकंदांच्या आत-बाहेर लागतात. या अंतरावरून ओळीतलं स्थान कळतं. ते क्वचितच नेमकं एखाद्या ठिपक्याच्या मध्यावर पडतं, म्हणून शेजारच्या चार ठिपक्यांची अंतराप्रमाणे सरासरी घेऊन ती किंमत नकाशाच्या घरात भरायची. मग पुढचं घर. या रीतीला रेंज-डॉप्लर टेरेन करेक्शन म्हणतात. युरोपीय अंतराळ संस्थेच्या स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती याच नावाने सापडते.

सेंटिनेल-१ च्या जीआरडी नावाच्या तयार प्रतिमा आधीच जमिनीवर बसवलेल्या वाटतात. त्यात मात्र प्रत्येक ओळीसाठी जमिनीची एकच सरासरी उंची धरलेली असते. सपाट प्रदेशात ते बऱ्यापैकी चालून जातं. इथे ओळ साधारण पूर्व-पश्चिम जाते, २५० किलोमीटर. एका टोकाला कोकण किनारा, मध्ये घाटमाथा, दुसऱ्या टोकाला देशावरचं पठार. एकच सरासरी उंची या तिघांना कशी लागू पडेल?

जागा जुळली, उजेडाचं काय?

इथवर डोंगर आपापल्या जागी आले, पण चित्र अजून फसवं आहे. उपग्रहाकडे तोंड केलेले उतार चकाकतात, मागचे काळपट दिसतात. ३० अंशांच्या समोरच्या उतारावर रडारच्या एका ठिपक्यात सपाट जमिनीच्या जवळजवळ चौपट जमीन मावते. मागच्या तेवढ्याच उताराशी तुलना केली तर हे प्रमाण सहापटींवर जातं. दोन्ही उतारांवर एकच जंगल असलं तरी एक बाजू उजळ आणि दुसरी अंधारी दिसेल. संगणकाला हे दोन वेगळे प्रदेश वाटतील.

उपाय एका वाक्याचा आहे: ठिपक्यात आलेली ऊर्जा त्यात सामावलेल्या जमिनीने भागायची. जुन्या पद्धती प्रत्येक जागेवरचा उतार पाहून कोनाच्या सूत्राने ही दुरुस्ती करत. पण एका ठिपक्यात वेगवेगळे उतार एकत्र पडलेले असतील, तर कुठला कोन धरायचा? झुरिक विद्यापीठाचे डेव्हिड स्मॉल यांनी २०११ मध्ये मांडलेल्या पद्धतीत थेट क्षेत्रफळच मोजतात. डीईएमचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा किरणाच्या दिशेने पाहिल्यावर किती मोठा दिसतो ते काढायचं आणि तो रडारच्या ज्या ठिपक्यात पडतो तिथे जमा करायचं. सगळे तुकडे संपले की प्रत्येक ठिपक्याची खरी जमीन कळते. तिने भागल्यावर उरणाऱ्या राशीला गॅमा-नॉट म्हणतात. तिच्यात डोंगराचा आकार बराचसा निघून जातो, आणि झाडोरा, ओल, खडबडीतपणा यांचा परिणाम समोर येतो.

भातशेतीच्या नोंदीत याचं महत्त्व कळतं. लावणीच्या वेळी पाण्याने भरलेली खाचरं रडारमध्ये काळी दिसतात आणि रोपं वाढत गेली की उजळतात. देशातल्या खरीप भाताच्या क्षेत्राचा अंदाज बांधताना रडार प्रतिमा वापरतात त्या याच बदलासाठी. मावळात आणि कोकणात खाचरं डोंगराच्या कुशीत असतात. तिथे उताराचा उजेड आणि पिकाचा उजेड वेगळे काढले नाहीत, तर वेगवेगळ्या फेऱ्यांतल्या प्रतिमा एकमेकींशी ताडून बघता येत नाहीत.

जे दुरुस्त होत नाही

दुरुस्ती ठिपक्याची जागा बदलते आणि त्याची किंमत सुधारते. जी माहिती आलीच नाही, ती दुरुस्तीने निर्माण होत नाही. लेओव्हरमध्ये माथा आणि पायथा एकत्र मिसळले, की ते पुन्हा वेगळे होत नाहीत. सावलीत काही टिपलंच गेलं नाही. सॉफ्टवेअर मात्र तक्रार न करता त्या घरांतही काही तरी भरतं, आणि नकाशा अखंड दिसतो. सावलीतली काळी घरं पाण्यासारखीच दिसतात. पूर शोधणारी साधी पद्धत तिथे तळं दाखवून मोकळी होते.

कड्याखालच्या वस्त्यांसाठी ही अडचण सर्वांत मोठी आहे. ६०० मीटरांचा उभा कडा घ्या. ३९ अंशांच्या कोनाला संध्याकाळच्या फेरीत तो पायथ्याच्या पश्चिमेला जवळजवळ ७४० मीटरांवर पसरतो, आणि त्या पट्ट्यातल्या जमिनीचा प्रतिध्वनी कड्याच्या प्रतिध्वनीत मिसळतो. सकाळच्या फेरीत कड्याची सावली पायथ्याशी सुमारे ४९० मीटर पडते. म्हणजे पायथ्यालगतचा अर्धा किलोमीटर दोन्ही फेऱ्यांत हुकतो, आणि दरडीची भीती सर्वांत जास्त तिथेच असते. कोन बदलून पाहिला, तर २९ अंशांना सावली ३३० मीटरांवर येते, पण लेओव्हर किलोमीटरच्या वर जातो. ४६ अंशांना लेओव्हर ५८० मीटरांवर उतरतो, पण सावली ६२० वर चढते. एक आवळलं की दुसरं सैल होतं. १९७८ चा सीसॅट हा उपग्रह समुद्रासाठी बनवलेला होता आणि त्याचा आपतन कोन सुमारे २३ अंशांचा होता. त्याच्या प्रतिमांत डोंगर फार आडवे झाले होते ते याच कारणाने.

डीईएमलाही मर्यादा आहेत. जाळीच्या प्रत्येक घराला एकच उंची असते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा आत वळलेला कडा त्यात बसतच नाही, आणि सरळ कडाही ३० मीटरांच्या घरांत थोडा उताराचा होऊन जातो. डीईएम मोजल्यानंतर फोडलेला डोंगर, नवा बोगद्याचा रस्ता किंवा कोसळलेली दरड त्यात नसते.

म्हणून दुरुस्तीबरोबर एक मुखवटा तयार करतात: लेओव्हर आणि सावली कुठे आहे हे दाखवणारा वेगळा थर. तो डीईएम आणि कक्षा यांच्यावरूनच काढता येतो. त्या घरांत किंमत न ठेवता ती रिकामी ठेवणं, हीच रीत बरोबर. दोन्ही दिशांच्या फेऱ्या उपलब्ध असतील तर एकीतली रिकामी जागा बऱ्याच ठिकाणी दुसरीने भरून निघते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेला भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह आपल्या वाटेच्या डावीकडे बघतो, आणि त्याच्या एल-बँड लहरी सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या आहेत. त्याच्या मोहिमेत डोंगराचा हिशेब आधीच करून जाळीवर बसवलेल्या प्रतिमा देण्याची सोय आहे. त्यामुळे दुरुस्तीची बटणं दाबण्याचं काम कमी होईल. कड्याखालचा रिकामा पट्टा मात्र भूमितीमुळे आलेला आहे, आणि भूमिती निसारलाही लागू आहे.

तयार नकाशा तपासायचा एक स्वस्त उपाय आहे. सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुरुस्त प्रतिमा एकमेकींवर ठेवायच्या आणि धरणाची भिंत, पूल किंवा जलाशयाचा काठ जुळतो का ते पाहायचं. दोन्ही प्रतिमा उंचीच्या चुकीमुळे विरुद्ध दिशांना सरकतात, म्हणून चूक दुप्पट होऊन डोळ्यांत भरते. समुद्रसपाटी आणि लंबगोल यांतला साठ-सत्तर मीटरांचा फरक धरायचा राहून गेला असेल, तर भिंत दोनदा दिसेल, दीडशे मीटरांहून जास्त अंतराने. आणि दरडीचा किंवा पुराचा रडार-नकाशा समोर आला, तर तो करणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: उंची कुठल्या डीईएमची आणि कुठून मोजलेली, उताराचा उजेड काढला आहे का, आणि रिकामी घरं कुठे आहेत. सह्याद्रीच्या नकाशात एकही घर रिकामं नसेल, तर पहिली शंका तिथेच घ्यावी.